त्याग झाला, पण विचारलं कुणाला?

‘एकाच पुरुषावर जीव जडलेल्या दोन बहिणींपैकी थोरलीने मागे सरणं हेच प्रेमाचं सर्वोच्च रूप,’ हे तुमच्या लेखातलं वाक्य मला अजिबात पटलं नाही. उदाहरण तुम्ही ‘बहारें फिर भी आएंगी’ (1966) या हिंदी चित्रपटाचं दिलंय. ही कथा त्याच्याही आधीची, न्यू थिएटर्स या कोलकात्याच्या चित्रपटसंस्थेच्या 1937 च्या ‘प्रेसिडेंट’ची. तिथे थोरली गिरणीची मालकीण, इथे वर्तमानपत्राची. एवढी कर्तबगार बाई, शेकडो माणसांचा कारभार पाहणारी, आणि 1937 च्या त्या कथेत धाकटीचा मार्ग मोकळा व्हावा म्हणून तिला मरावंच लागतं! याला प्रेमाचं रूप म्हणायचं?

आमच्या घरात हे घडलंय. थोरल्या मावशीला जे आवडत होते, त्यांच्यात आईचाही जीव गुंतलाय हे कळल्यावर मावशीने ‘मला लग्नच करायचं नाही’ असं जाहीर करून टाकलं. कुणाला अवाक्षर बोलली नाही. आईला खरं कळलं ते वीसेक वर्षांनी, एका जुन्या मैत्रिणीच्या तोंडून. त्या रात्री आई मावशीसमोर बसून एवढंच म्हणत होती, “ताई, एकदा मला विचारायचं होतंस गं.” मावशीकडे उत्तर नव्हतं. तिला वाटलं होतं आपण बहिणीला सुख दिलं. आईला मात्र त्या दिवसापासून स्वतःचा संसार उसना वाटू लागला. आणि बाबांचं मन नेमकं कुणावर होतं, हे दोघींपैकी कुणीच त्यांना विचारलं नव्हतं.