घरटं दिसलंच नाही, साहेब!

आठव्या मजल्याचा स्लॅब परवावर आलाय आणि नेमकी शेजारच्या झाडावर घार काड्या घेऊन ये-जा करतेय? दचकू नका. अशा वेळी नवखा इंजिनिअर मान वर करतो आणि फसतो. तुम्ही मान खालीच ठेवा. जे पाहिलंच नाही, त्याची नोंद करावी लागत नाही.

तरीही कुणी हटून बसलं तर सर्वेक्षण जरूर करा, फक्त मुहूर्त नीट काढा. वीण आटोपली, पिल्लं उडून गेली, की मगच माणूस पाठवायचा. तो रिकामं घरटं बघेल आणि 'वापरात नाही' असं लिहून मोकळा होईल. घारी आणि गरुड पुढच्या वर्षी त्याच घरट्याची डागडुजी करून पुन्हा संसार थाटतात म्हणे. पण अहवालाच्या नमुन्यात पुढच्या वर्षीचा रकाना नाही, त्याला आपण काय करणार?

बहिरी ससाणा असेल तर तुमचं नशीबच उघडलं. हा पठ्ठ्या काड्यांचं घरटं बांधतच नाही. उंच इमारतीच्या कठड्यावर साचलेल्या खडी-धुळीत छातीनं रेटून उथळ खळगा करायचा आणि त्यात तांबूस ठिपक्यांची तीन-चार अंडी घालायची, झालं घर. त्यामुळे सुपरवायझरला 'काड्या शोध' असं सांगा. तो बिचारा संध्याकाळपर्यंत शोधेल आणि अगदी प्रामाणिकपणे 'नाही' म्हणेल. शिवाय सूर मारताना ताशी ३०० किलोमीटरच्या वर जाणाऱ्या पक्ष्यानं तुमच्या काँक्रीट फोडणाऱ्या ब्रेकरला घाबरावं, हे त्याला तरी शोभतं का?

घारीवर मात्र चोरीचा आळ घेता येतो. घरटं जवळून बघा (म्हणजे बघू नकाच, पण समजा): सिमेंटच्या गोणीची पट्टी, ताडपत्रीची निळी दोरी, मजुराच्या फाटक्या बनियनचा तुकडा. सगळा माल साइटवरचा! स्पेनच्या दोन्याना अभयारण्यातल्या घारींवरचा एक अभ्यास २०११ साली 'सायन्स' नियतकालिकात आला होता. घरट्यात पांढरं प्लास्टिक जास्त लावणारी जोडी तब्येतीनं दणकट असते आणि ते प्लास्टिक इतर घारींना 'इथे फिरकू नका' असा इशारा देतं, असा त्याचा निष्कर्ष. गेटवरच्या तुमच्या फलकासारखंच हे. आता एका प्लॉटवर दोघांचे फलक कसे चालतील?

कायद्याचं म्हणाल तर तो जरा विचित्र आहे. भारताच्या १९७२च्या वन्यजीव कायद्यात 'शिकार' या शब्दाच्या व्याख्येतच पक्ष्यांची अंडी किंवा घरटी विस्कटणं येतं. म्हणजे बंदूक न उचलता, नुसता पोकलेन लावून, तुम्ही शिकारी! ब्रिटनमध्ये १९८१च्या कायद्यानं बहिरी ससाण्याला विणीच्या काळात घरट्यापाशी मुद्दाम किंवा बेफिकिरीनं त्रास देणं हाही गुन्हा आहे. अमेरिकेच्या २००७च्या मार्गदर्शिकेनुसार पांढऱ्या डोक्याच्या गरुडाला घरट्यातून बांधकाम दिसत असेल तर सर्वसाधारणपणे ६६० फूट लांब राहायचं, दिसत नसेल तर छोट्या, एक-दोन मजली बांधकामाला ३३० फूट. म्हणजे आडोसा असला की अंतर निम्मं. ही गोष्ट ठेकेदाराच्या कानावर जाऊ देऊ नका, नाहीतर मधली झाडं राखत बसेल. झाडं आधी तोडा, मग ६६० फूट कसे अशक्य आहेत यावर चर्चा करू.

पक्षीवाले म्हणतील, थांबा. किती? अंडी उबवायला साधारण महिना, पिल्लं उडेपर्यंत आणखी सहा आठवडे. अडीच महिने! वाळू मिळेना, मजूर गावी गेले, फाइल कुणाच्या तरी टेबलावर झोपली, म्हणून वर्षभर थांबणं वेगळं. ती कारणं प्रतिष्ठित आहेत. त्यातून एखादा म्हणेल, सगळं काम कशाला थांबवता, घरट्याकडची बाजू तेवढी शेवटी घ्या, क्रेनचा बूम त्यावरून फिरवू नका, हंगामाआधीच लांब शांत जागी घरट्यासाठी पेटी बसवून ठेवा. अशा माणसाला मीटिंगला बोलावू नये. त्याचं ऐकलं तर काम खरंच होऊन जाईल, आणि मग तक्रार कशाची करायची?

उंदरांचा बंदोबस्तही आताच उरका. विषाच्या वड्या खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही, काही दिवस सुस्तावून उघड्यावर हिंडतो. गव्हाणी घुबडाला आयताच घास. उंदीर फुकटात खाणारा गडीही त्याच विषात निकालात निघतो आणि पुढच्या वर्षी वड्यांची ऑर्डर वाढवता येते.

राहता राहिली मादी. ब्रेकर सुरू झाला की ती उडेल, उडू द्या. उघडी अंडी उन्हात भाजतात, गारठ्यात थंड पडतात, पण त्याचा काही आवाज होत नाही. मोठी झालेली पिल्लं मात्र दचकून, पंख पुरते भरायच्या आतच उडी टाकतात आणि परांचीखाली सापडतात. हीच तुमची संधी. पिल्लू खोक्यात ठेवा, पक्षीमित्रांना बोलवा, 'बांधकाम कर्मचाऱ्यांनी दिले जीवदान' अशी बातमी स्वतःच लिहून पाठवा. फोटो काढताना तेवढं हेल्मेट घाला. साइटवर नियम म्हणजे नियम.