स्टिअरिंगमागची उलथनी

चार वर्षांपूर्वी ऑटोमॅटिक गाडी घेतली तेव्हा साध्या गिअरच्या गाडीपेक्षा लाखभर रुपये जास्त मोजले होते. कारण माझा डावा गुडघा. ठाण्यात कासारवडवली ते तीन हात नाका रोज क्लच दाबून-सोडून त्याची अशी गत झाली होती की जिना दिसला की तो माझ्याआधी कण्हायचा. हाडांचे डॉक्टर म्हणाले, "गुडघा बदला, नाहीतर गाडी." गाडी हप्त्यावर मिळत होती.

तर गिअर टाकावे लागू नयेत म्हणून मी लाखभर रुपये दिले. हे ध्यानात असू द्या, कारण यंदा त्याच गाडीला हाताने गिअर टाकता यावेत म्हणून मी आणखी चौदा हजार घातले.

दोष फॉर्म्युला वनचा आणि चिरंजीवांचा. रविवारी शर्यत बघताना मी सहज म्हणालो, "हे लोक गिअर कधी टाकतात रे?" झालं. स्टिअरिंगच्या मागे दोन पाती असतात, उजवं ओढलं की वरचा गिअर, डावं ओढलं की खालचा. त्यांना पॅडल म्हणतात. १९८९ साली फेरारीने ही पद्धत शर्यतीत आणली आणि नायजेल मॅन्सेलने ब्राझीलमधली पहिलीच शर्यत जिंकली. "पण बाबा, मधेच थांबून त्याला स्टिअरिंग व्हील बदलून घ्यावं लागलं होतं." हे वाक्य मी तेव्हाच मनावर घ्यायला हवं होतं. मी जिंकल्याचं तेवढं घेतलं.

माझ्याच गाडीच्या सगळ्यात महाग मॉडेलला पॅडल कंपनीतूनच येतात. आपलं मधलं मॉडेल. (आमच्या घराण्यात वॉशिंग मशीनपासून मंगल कार्यालयापर्यंत सगळं मधलंच घेतात.) शिवाय कंपनीची पॅडल प्लॅस्टिकची आणि एवढीशी, नखाएवढी. "करायचंच तर कस्टम करू," चिरंजीव म्हणाले. कस्टम म्हणजे आपल्या मापाचं, आणि खर्च बाबांच्या मापाचा.

वागळे इस्टेटमधल्या एका वर्कशॉपने अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यातून पाती कापून द्यायचं कबूल केलं, फक्त नमुना आमच्याकडून हवा होता. घरात जाड पुठ्ठा म्हणून एक लग्नपत्रिका सापडली. तीन रात्री आम्ही स्टिअरिंगला पत्रिका लावून बोटांची मापं घेतली. अखेर जो नमुना गेला त्याच्या उजव्या पात्यावर 'आमच्या येथे श्रीकृपेकरून' होतं आणि डाव्यावर 'आहेर आणू नये'.

आठवड्याने पाती आली. काळी, चकचकीत, वीतभर लांब. अण्णांनी चष्मा वर केला. "ही उलथनी कुणी मागवली?"

मी त्यांना ब्राझीलपासून सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "म्हणजे गिअर स्टिअरिंगपाशी. मग आमच्या फियाटला काय वेगळं होतं?"

खरंच की. त्या फियाटचा, म्हणजे पद्मिनीचा, गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खांबालाच असायचा. पुढची वीस मिनिटं अण्णा आम्हाला घेऊन कसारा घाट चढले, दुसऱ्या गिअरवर.

गाडी इलेक्ट्रिशियनकडे नेली. पोरगा तिशीचा, आत्मविश्वास साठीचा. त्याने आधी बॅटरीची मायनसची वायर काढली आणि म्हणाला, "काका, आता दहा मिनिटं कुणी हात लावायचा नाही. बॅटरी काढली तरी एअरबॅगच्या सर्किटमध्ये थोडा करंट राहतो. फुगा उडाला तर पापणी लवायच्या आत तोंडावर." मग आम्ही तिघं गाडीकडे बघत दहा मिनिटं उभे राहिलो. कुणी बोलेना. शेजारच्या टायरवाल्याने येऊन हळूच विचारलं, "गेली का?"

दहा मिनिटांनी त्याने स्टिअरिंगच्या मागच्या भोकांतून स्क्रू ड्रायव्हर घालून एअरबॅग सोडवली. आत वायरी जोडायचे पिवळे कपलर, वायरींचं जंजाळ, आणि मधोमध क्लॉक स्प्रिंग. ही वस्तू मी जन्मात पहिल्यांदा पाहिली. घड्याळाच्या स्प्रिंगसारखी गुंडाळलेली वायरींची चपटी पट्टी. स्टिअरिंग कितीही फिरवा, ती उलगडते, गुंडाळते आणि हॉर्नचा, एअरबॅगचा करंट तुटू देत नाही. माझ्या मधल्या मॉडेलच्या पट्टीत पॅडलच्या वायरी नव्हत्याच, म्हणजे पट्टी नवी, म्हणजे अख्खं स्टिअरिंग उतरवणं आलं. त्याने मधला नट सैल केला. तेवढ्यात त्याचा फोन वाजला.

"भाऊ, व्हील काढण्याआधी खूण करतात ना?" मी विचारलं. चिरंजीवांनी तसं सांगून ठेवलं होतं.

"नजरेत आहे, काका."

संध्याकाळी सगळं जोडून झालं. गाडीच्या कॉम्प्युटरलाही 'आता तुला पॅडल आहेत' असं कळवून झालं, कारण त्याला सांगितल्याशिवाय तो ओळख देत नाही. मी बसलो, उजवं पातं ओढलं. समोर १ चा २ झाला! डावं ओढलं, २ चा १. डोळ्यांत पाणी यायचं तेवढं बाकी होतं. त्या आनंदात तीन गोष्टी लगेच ध्यानात आल्या नाहीत.

पहिली कापूरबावडीला आली. व्हील एक दाता चुकून बसलं होतं. गाडी सरळ मानपाड्याकडे निघाली होती आणि स्टिअरिंग कोलशेतला वळलं होतं. दुसरी, समोर एक लाल दिवा : बसलेला माणूस आणि त्याच्या पोटापुढे मोठा गोळा. एअरबॅगचा इशारा तो. ही म्हणाली, "अहो, तुमचा फोटो कशाला लावलाय त्यांनी?"

तिसरी गोष्ट हॉर्न. तो वाजेना. आणि इलेक्ट्रिशियन गावी गेलेला, तीन दिवस.

ब्रेकशिवाय गाडी चालवणं मी कल्पनेत आणू शकतो. ठाण्यात हॉर्नशिवाय चालवणं म्हणजे मुक्याने भाजी मंडईत घासाघीस करणं. पहिल्या दिवशी मी काच खाली करून "ओ दादा, ओ दादा" करत वाघबीळपर्यंत गेलो. दुसऱ्या दिवशी घसा बसला. तिसऱ्या दिवशी अण्णांना शेजारी बसवलं. ते निवृत्त शाळामास्तर, खिडकीतून नुसतं "ए!" म्हणायचे आणि दोन लेन मोकळ्या व्हायच्या.

इलेक्ट्रिशियन परतल्यावर पुन्हा मायनस, पुन्हा दहा मिनिटं स्तब्धता, पुन्हा टायरवाला. कपलर नीट बसवला, स्कॅनर लावून लाल माणूस घालवला, व्हील सरळ केलं. या वेळी त्याने पांढऱ्या रंगाची खूण केली. पाती मात्र लांब ती लांबच. माझ्या गाडीला वायपरची दांडी उजवीकडे, पात्याच्या अगदी मागे. "बोटांना सवय होईल, काका."

आता वापराचं. मेट्रोचे खांब, बॅरिकेड आणि खड्डे यांतून घोडबंदर रोडला दुसऱ्या गिअरच्या वर जायचा योग ग्रहणासारखा येतो. पूर्वी इथल्या बंदरावर घोडे उतरायचे म्हणे. माझ्या बॉनेटखालचे शंभरेक घोडे अजून उतरायची वाट बघतायत. त्यात मी गिअर टाकला आणि आठ-दहा सेकंद काही केलं नाही, की गाडी आपणहून तो रद्द करून स्वतःला हवा तो टाकते. भांडत नाही, बोलत नाही. घरीही हीच पद्धत आहे. खालचा गिअर अवेळी मागितला तर मात्र 'टुंग' करून नाही म्हणते.

परवा मानपाड्याच्या सिग्नलला शेजारी रिक्षा उभी राहिली. मी उगाच दोनदा पाती ओढली, टक टक. रिक्षावाला वाकून बघायला लागला.

"साहेब, काय लावलंय?"

"गिअर. हातानेच टाकायचे."

"गाडी ऑटोमॅटिक ना?"

"हो."

त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा स्वतःच्या डाव्या मुठीकडे. सिग्नल सुटला. त्याने मूठ पिळून पहिला टाकला, पिळून दुसरा, आणि बॅरिकेडच्या फटीतून दिसेनासा झाला. मीही पाय दाबला, छाती काढून उजवं पातं जोरात ओढलं, आणि समोरच्या काचेवर पाण्याची पिचकारी उडाली.