लाख डॉलरच्या भुर्दंडाचं गणित

डेन्व्हरकडच्या आमच्या मराठी ग्रुपवर परवा पुन्हा तोच फॉरवर्ड आला. ‘मार्शल आगीत घरं गेली, वर सरकारने वीजबचतीच्या नियमांनी प्रत्येकाच्या माथी लाख डॉलर मारले. म्हणून घरं रखडली. आणि ही हवाबंद घरं म्हणजे भट्ट्याच!’

आधी लाख डॉलर. या मार्शल आगीत ३० डिसेंबर २०२१ ला अमेरिकेतल्या कोलोरॅडोत लुइसव्हिल, सुपीरियर आणि आसपासची हजारावर घरं काही तासांत जळाली. लुइसव्हिलने जेमतेम दोन महिने आधी २०२१ चे नवे ऊर्जा-नियम मंजूर केले होते. लाखाचा आकडा तेव्हा काही बिल्डरांच्या तोंडी होता. नगरपालिकेचा अंदाज वीस हजारांच्या आसपास होता. शिवाय एक्सेल या वीज कंपनीने नव्या नियमांनी बांधणाऱ्यांना साडेसात हजारांपासून, अतिकाटेकोर ‘पॅसिव्ह हाउस’साठी साडेसदतीस हजारांपर्यंत सवलत देऊ केली. (आगीच्या दोन उगमांपैकी एकाचा ठपका शेरीफच्या तपासात याच कंपनीच्या तारेवर आला. कंपनीला तो मान्य नाही.)

‘माथी मारले’ तर साफ खोटं. मार्च २०२२ मध्येच नगर परिषदेने आगग्रस्तांना जुन्या, २०१८ च्या नियमांनी बांधायची मुभा दिली.

गंमत म्हणजे या मुभेतच एक मेख होती. इथल्या घरविम्यात ‘नियम बदलल्यामुळे वाढलेला खर्च’ असं वेगळं कलम असतं. नियम सक्तीचा असेल तरच विमा कंपनी त्यातून पैसे देते. ऐच्छिक म्हटलं की हात वर करायला ती मोकळी. म्हणजे नियम ऐच्छिक झाले तर काहींचे हक्काचे पैसेच बुडण्याची भीती होती. खरं दुखणं विम्याचंच. राज्याच्या विमा विभागाने पॉलिसी तपासल्या, तर ‘खर्च कितीही येवो, घर उभं करून देऊ’ अशी हमी फक्त ८ टक्क्यांत निघाली. विम्यात दोन-तीन लाख कमी पडणाऱ्याला वीस हजारही जड जातात, हे मान्य. पण खड्डा नियमांनी खणला नाही.

राहिली भट्टी. हवाबंद म्हणजे दारं-खिडक्या खिळे ठोकून बंद नव्हे. दाराच्या चौकटीत पंखा बसवून घरातली हवा खेचतात आणि किती गळती होते ते मोजतात. या गळतीची कमाल मर्यादा इथे २०१८ च्या नियमांतही तेवढीच होती! नव्यात इन्सुलेशन, म्हणजे भिंती-छपरातलं उष्णतारोधक भरण, वाढलं. ऊर्जा-नियम म्हणजे अग्निसुरक्षेचे नियम नव्हेत, एवढं कबूल. पण वणव्यात घरं बऱ्याचदा पेटतात ती पोटमाळ्याच्या जाळ्यांतून, फटींतून आत शिरणाऱ्या ठिणग्यांनी. फटी बुजवल्याने त्यांची वाट वाढते की कमी होते?

त्या दिवशी वाचलेल्या घरांतही खिडकीच्या खाचेत, पडद्यांवर, कपाटातल्या कपड्यांवर राख होती. बंद खिडक्यांतून आलेली.