जुन्या मॉडेमचा ड्रायव्हर कुणाच्या मालकीचा?

"जुनं झालंय हो, लिनक्सवर नाही चालणार आता." लिनक्स ही मुक्त संगणकप्रणाली, आणि ड्रायव्हर म्हणजे प्रणालीला एखादं यंत्र चालवायला शिकवणारा प्रोग्राम. दुरुस्तीच्या टेबलावर हे वाक्य मला सारखं ऐकायला मिळतं, आणि दरवेळी राग येतो. कारण ते खरं नाही.

माझ्याकडे १९९०च्या दशकातला एक मॉडेम आहे, म्हणजे संगणकाला टेलिफोनच्या तारेवरून इंटरनेटला जोडणारं यंत्र. सिरियल केबलने जोडायचा, बाहेर ठेवायचा, पुढे लाल दिव्यांची रांग असलेला. आजच्या डेबियनवर (लिनक्सचीच एक आवृत्ती) तो काहीही न घालता चालतो. त्याच्यानंतर आलेलं, मदरबोर्डच्या पीसीआय स्लॉटमध्ये बसणारं एक मॉडेम कार्डही आहे. ते आजच्या कर्नलवर, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यावर, मुकं पडून राहतं. कार्ड शाबूत आहे, एकही कपॅसिटर फुगलेला नाही. म्हणजे म्हातारा धावतोय आणि तरुण अंथरुणाला खिळलाय. असं का झालं, हे नीट सांगायचंय, कारण हाच प्रकार आज प्रिंटर, स्कॅनर, वायफाय कार्ड, बायोमेट्रिक यंत्रं यांच्या बाबतीत चालू आहे.

जुना बाहेरचा मॉडेम आपलं काम स्वतः करायचा. टेलिफोनच्या तारेवरून साधारण ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढाच आवाज जातो. त्या अरुंद पट्ट्यात आकडे कोंबायचे, तारेतला प्रतिध्वनी पुसायचा, समोरून आलेल्या कर्कश आवाजातून पुन्हा आकडे काढायचे, हे सगळं मॉडेमच्या आतली चिप करायची. संगणकाने फक्त हुकूम सोडायचा. त्या हुकमांची भाषा १९८१ मध्ये हेज कंपनीच्या स्मार्टमोडेमबरोबर आली: प्रत्येक हुकूम 'एटी'ने सुरू, म्हणजे 'अटेन्शन'. एटीझेड म्हटलं की मॉडेम रीसेट, एटीडीटी आणि पुढे नंबर दिला की डायल. ही भाषा सगळ्यांना माहीत होती, सगळ्यांनी उचलली. लिनक्सला त्यासाठी वेगळा ड्रायव्हर लागलाच नाही. सिरियल पोर्टचा जो सर्वसाधारण ड्रायव्हर कर्नलमध्ये आहे तोच पुरतो. म्हणून तो मॉडेम आजही चालतो.

१९९८ मध्ये व्ही-९० मानक आलं, ५६ केबीपीएसचा जमाना सुरू झाला. त्याच सुमारास उत्पादकांनी मॉडेममधून ती महागडी चिप काढून टाकली. कार्डावर उरला फोनलाइन जोडायचा भाग आणि आवाजाचे आकडे करणारा कोडेक. बाकीचं सगळं गणित संगणकाच्या प्रोसेसरवर टाकलं, आणि ते करणारा प्रोग्राम विंडोजच्या ड्रायव्हरमध्ये बंद करून दिला. याला लोक विनमॉडेम म्हणू लागले. थोडक्यात, अर्धा मॉडेम कार्डावर आणि अर्धा सीडीवर. गिऱ्हाइकाने पैसे पूर्ण मॉडेमचे दिले, पण त्यातला दुसरा अर्धा भाग कधी त्याच्या मालकीचा झालाच नाही.

आपल्याकडे याचा फटका जास्त बसला. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ ला सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं, पण घराघरात संगणक आले ते त्यानंतरच्या काही वर्षांत, बहुतेक असेंबल केलेले. लॅमिंग्टन रोडवरून किंवा तापकीर गल्लीतून आणलेल्या त्या संगणकात स्वस्तातलं इंटर्नल मॉडेम कार्डच असायचं. बाहेरचा मॉडेम परवडायचा नाही. पीसीक्वेस्ट मासिकाबरोबर लिनक्सची सीडी मिळायची. मोठ्या उत्साहाने ती घातली की सगळं चालायचं, फक्त इंटरनेट सोडून. मॉडेमचा ड्रायव्हर इंटरनेटवर, आणि इंटरनेट मॉडेमच्या पलीकडे. मग सायबर कॅफेत जाऊन फ्लॉपीवर फाइल आणायची. घरी आल्यावर पडद्यावर यायचं: कर्नल-मॉड्यूल व्हर्जन मिसमॅच. म्हणजे ड्रायव्हरचा तुकडा (मॉड्यूल) एका कर्नलसाठी बनवलेला, आणि घरचं कर्नल वेगळं.

या एका ओळीत सगळं दुखणं आहे. ल्युसेंटच्या चिपसाठी एलटीमॉडेम नावाचा ड्रायव्हर होता. त्याचा बाहेरचा थर उघडा, पण आत गाभ्याला एक बंद बायनरी फाइल, म्हणजे जिचा मूळ मजकूर (सोर्स) दिलेला नाही अशी. बाहेरचा थर तुमच्या कर्नलप्रमाणे कंपाइल करता यायचा, आतल्या फाइलला कुणी हात लावू शकत नव्हतं. लोकांनी कमालीच्या चिकाटीने त्या थराला कर्नल २.२ वरून २.४ वर, मग २.६ वर ओढत नेलं. पुढे मार्शियन नावाच्या प्रयत्नात ती बंद फाइल कर्नलमधून बाहेर काढून साध्या प्रोग्रामसारखी चालवली गेली. हे काम करणाऱ्यांबद्दल मला अपार आदर आहे. पगार नाही, नाव नाही, दुसऱ्या कुणाचा तरी मॉडेम चालावा म्हणून रात्री घालवलेली माणसं.

स्मार्टलिंकचंही तेच. त्यांचं गणित डीएसपीलिब्स नावाच्या एका ३२-बिट फाइलमध्ये बंद. लॅपटॉपमधल्या एसी-९७ मॉडेमसाठी आल्सा या लिनक्सच्या आवाज-प्रकल्पाने कर्नलमधला उघडा ड्रायव्हर दिला, पण वरचं गणित त्या फाइलशिवाय होत नाही. ६४-बिटचे संगणक आले तरी फाइल ३२-बिटचीच राहिली. आज कुणी हौसेने इंटरनेट फोनवरून जुना मॉडेम बोलवायला बघतं, तर त्याला हीच फाइल शोधत जावं लागतं.

कोनेक्संटच्या चिपची गोष्ट तर ऐकाच. त्यांचा लिनक्स ड्रायव्हर लिनक्संट ही कंपनी द्यायची. फुकट घेतला तर वेग १४.४ केबीपीएसवर बांधलेला. ५६चं कार्ड ५६ने चालवायचं तर लायसन्सचे पैसे वेगळे. आणि एप्रिल २००४ मध्ये उघड झालं की त्यांच्या मॉड्यूलने कर्नलला परवाना 'जीपीएल' (मुक्त सॉफ्टवेअरचा परवाना) असा सांगितला होता, पण त्या अक्षरांपुढे एक शून्य बाइट घातला होता. सी भाषेत शून्य बाइट आला की शब्द तिथे संपतो. त्यापुढचं 'ही मुभा फक्त जीपीएल फोल्डरमधल्या फाइलींना' अशा अर्थाचं वाक्य कर्नलला दिसतच नव्हतं. मॉड्यूलचा परवाना मुक्त नसला की कर्नल इशारा देतं. कंपनीचं म्हणणं, हे इशाऱ्याचे संदेश पुन्हा पुन्हा येऊन वापरणारे गोंधळतात, म्हणून असं केलं. मला हे पटत नाही. तो इशारा वापरणाऱ्याच्या हिताचाच होता: या कर्नलमध्ये असा तुकडा आहे जो आम्हाला तपासता येत नाही, बिघडला तर दुरुस्त करता येणार नाही. तोच झाकला गेला.

उत्पादकांची बाजूही मांडतो, कारण ती पोकळ नव्हती. मॉडेमच्या गणितावर पेटंटं होती, कित्येकांनी ते दुसऱ्याकडून लायसन्सवर घेतलं होतं, आणि टेलिफोन जाळ्याला जोडायच्या वस्तूला प्रत्येक देशात मंजुरी लागते. सोर्स उघडा करणं सोपं नव्हतं. पण रजिस्टरांची (चिपला हुकूम द्यायच्या जागांची) माहिती देणं, कोडेकशी कसं बोलायचं एवढं कागदावर देणं, हे तर शक्य होतं? २००७ मध्ये ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी कर्नलवाल्यांच्या वतीने कंपन्यांना जाहीर सांगितलं की माहिती द्या, हवा तर गोपनीयतेचा करार करू, ड्रायव्हर आम्ही फुकट लिहून देतो. यापेक्षा आणखी काय द्यायचं?

आता दुसरी बाजू बघा. आमच्याकडे ऊसपट्ट्यात रात्रीची वीज हा रोजचा जाच आहे. एका काकांच्या शेतघरात मी जुना लॅपटॉप आणि २०१०च्या आसपासचा हुआवेचा ई-१५५० डोंगल लावून दिलाय. तिन्ही फेज आल्यावरच चार्जरला वीज मिळेल अशी जोडणी स्टार्टरवाल्याने करून दिली. वीज आली की लॅपटॉपला चार्जिंग कळतं, आणि गाम्मू नावाचा प्रोग्राम काकांच्या मोबाइलवर "लाइट आली" असा एसएमएस टाकतो. डोंगलचं थ्रीजी आता निरुपयोगी, पण टूजीवर एसएमएस छान जातो. काकांना रात्रभर उठून बघायला जावं लागत नाही.

हा डोंगल लावताना काय काय आडवं येतं तेही सांगतो, कुणाच्या कामी येईल. पहिल्यांदा तो मॉडेम म्हणून दिसतच नाही, सीडी ड्राइव्ह म्हणून दिसतो, कारण त्याच्या पोटात विंडोजचा ड्रायव्हर भरलाय. एलएसयूएसबी (यूएसबीला काय जोडलंय ते दाखवणारा हुकूम) चालवा: १२डी१:१४४६ दिसलं तर तो अजून सीडीच आहे. यूएसबी-मोडस्विच हे पॅकेज त्याला रूप बदलायला लावतं, मग आकडा १२डी१:१००१ होतो आणि कर्नलमधला 'ऑप्शन' ड्रायव्हर टीटीवाययूएसबी०, १, २ अशी पोर्टं उभी करतो. तरीही 'परवानगी नाही' आलं तर तुमचं खातं डायलआउट गटात, म्हणजे ही पोर्टं वापरायची मुभा असलेल्यांत, नाही. परवानगी आहे पण उत्तर मध्येच तुटतंय, तर मॉडेममॅनेजर हा दुसरा प्रोग्राम त्याच पोर्टवर बोलतोय. त्याला थांबवा किंवा यूडेव्हच्या (जोडलेली यंत्रं सांभाळणाऱ्या प्रोग्रामच्या) नियमाने हे यंत्र सोडून द्यायला सांगा. आणि सिग्नल बघायला हुकूम काय? एटी प्लस सीएसक्यू. १९८१चीच भाषा, पुढे वाढवलेली.

हा डोंगल काही उदार मनाने बनवलेला नाही. पण बोलण्याची भाषा ओळखीची होती, रूप बदलण्याची खूण योझुआ डीट्झं यांनी लिहिलेल्या यूएसबी-मोडस्विचमध्ये नोंदली गेली, आणि ड्रायव्हर मुख्य कर्नलमध्येच आहे. कर्नल बदललं की तो त्याच्याबरोबरच बदलतो. कुणाला फ्लॉपी घेऊन धावावं लागत नाही.

ड्रायव्हर कंपनीच्या मुठीत असला की काय होऊ शकतं, हे २०१४ मध्ये यूएसबी-सिरियल केबलीतल्या चिप बनवणाऱ्या एफटीडीआयच्या विंडोज ड्रायव्हरने दाखवलं. नकली चिप सापडली की तो तिचा ओळख क्रमांक पुसून शून्य करायचा आणि यंत्र बंद पडायचं. नकल करणारा तिसराच, केबल विकत घेणाऱ्याला नकली-असली कळायचा मार्ग नाही, आणि शिक्षा त्याला. लिनक्सच्या ड्रायव्हरमध्ये पुढे तो शून्य क्रमांकही ओळखण्याची सोय घातली गेली.

जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कावर समिती नेमली. शेतीची अवजारं, मोबाइल आणि टॅब्लेट, घरगुती टिकाऊ वस्तू, वाहनं ही क्षेत्रं घेतली. चांगलं पाऊल आहे. पण स्क्रू उघडता येणं आणि सुटा भाग मिळणं म्हणजेच दुरुस्ती, असं धरलं तर माझं पीसीआय कार्ड त्यात कधीच बसणार नाही, कारण त्याचा मोडलेला भाग धातूचा नाही. ड्रायव्हर हा सुटा भागच आहे. कंपनीने तो द्यायचं थांबवलं, तर तो बनवण्यापुरती माहिती ग्राहकाला मिळाली पाहिजे. सरकारचं मुक्त सॉफ्टवेअर वापरायचं धोरण २०१५ पासून आहेच. मग ज्या यंत्रांना मुक्त प्रणालीवर ड्रायव्हरच नाही ती सरकारी पैशाने घ्यायची कशाला?

शाळेच्या, ग्रामपंचायतीच्या, पतसंस्थेच्या खरेदी समितीवर तुमच्यापैकी कुणी असेल, तर निविदेत एवढं वाक्य घाला: "यंत्राचा ड्रायव्हर लिनक्सच्या मुख्य कर्नलमध्ये समाविष्ट असावा, किंवा तो लिहिण्यास पुरेशी तांत्रिक माहिती पुरवठादाराने लेखी द्यावी." आणि माल ताब्यात घेताना लाइव्ह पेनड्राइव्ह (ज्यावरून लिनक्स थेट सुरू होतं असा) लावून चालवून बघा, सहीच्या आधी. वाक्याचा पूर्ण मसुदा कुणाला हवा असेल तर कमेंटमध्ये सांगा, पाठवतो.