एका सेंटचं दान

गेल्या रविवारी दहा वर्षांच्या एका पोराने मला भीक घातली. ती मी घेतली, याचा राग अजून गेलेला नाही.

न्यू जर्सीत आमच्या घरापासून अर्ध्या तासावर, अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये जुन्या बेसबॉल कार्डांचा बाजार भरतो. प्रवेश 5 डॉलर. माझं महिन्याचं बजेट 40, म्हणजे आठवा हिस्सा दारातच गेला. उरलेल्यात काचेखालची कार्डं नुसती बघायची आणि टेबलाखालच्या खोक्यांपुढे गुडघे टेकायचे. तिथे मला टॉप्स या कार्ड-कंपनीचं 1969 सालचं कार्ड सापडलं, ऑरेलिओ रॉड्रिगेझ या खेळाडूचं. कोपरे झिजलेले, मधोमध घडी, डोक्यावर टाचणीचं भोक. 3 डॉलर.

कार्ड घालायला प्लास्टिकची ती पातळ पिशवी मिळेल का, असं दुकानदाराला विचारलं. ‘पेनी स्लीव्ह’ म्हणतात तिला. पेनी म्हणजे एक सेंट, नावातच किंमत आहे. त्याने सँडविचवरून नजरही न उचलता विचारलं, “याला?”

हे शेजारी उभ्या असलेल्या त्या पोराने ऐकलं. गळ्यात भिंग, हातात चाकांची ॲल्युमिनियमची पेटी. मागे त्याचे वडील, ज्यूसचा डबा सांभाळत.

“सर, बघू का?”

मी कार्ड दिलं. त्याने ते फक्त कडांना धरलं, भिंग लावलं, उजेडाकडे तिरकं केलं. एक्स-रे घेऊन डॉक्टरपुढे उभं राहावं तसा मी उभा.

“एक आहे, सर.”

“एक काय?”

“ग्रेड. दहापैकी.” मग जरा थांबून, “एक म्हणतोय तेही तुमच्याकडे बघून.”

आता हुकुमाचं पान काढणं भाग होतं. म्हटलं, “बाळा, या फोटोतला माणूस रॉड्रिगेझ नाहीच! टॉप्सवाल्यांनी चुकून एंजल्स संघाच्या बॅटबॉयचा फोटो छापलाय. खेळाडूंच्या बॅटी उचलणारा पोरगा आहे हा.”

त्याने फोनवर बोट फिरवलं. “हो सर. म्हणून तर तीन. नाहीतर एक डॉलर.”

हे कार्ड मला का हवं होतं, ते त्याला कसं सांगणार? रॉड्रिगेझ मेक्सिकोहून आलेला. त्याच कंपनीने पोर्तो रिकोच्या रॉबर्टो क्लेमेंटेसारख्या थोर खेळाडूला 1969पर्यंत कार्डांवर ‘बॉब’ करून टाकलं होतं. आणि आमच्या ऑफिसात एक गृहस्थ मला गेली सहा वर्षं ‘वेंकट’ म्हणतात. वेंकट दुसऱ्या मजल्यावर बसतो. माझ्यापेक्षा वीतभर उंच आहे. पहिल्या वर्षी दोनदा सांगून पाहिलं, आता ‘येस’ म्हणतो. नाव एकाचं, चेहरा दुसऱ्याचा, अशा कार्डाला मी 3 डॉलर देणार नाही तर कोण देणार?

“विकणार कधी?” पोराने विचारलं.

“विकणार नाही.”

त्याने वळून वडिलांकडे पाहिलं. आजोबा चप्पल विसरून देवळाबाहेर पडले की लोक हसतात, तसे वडील समजुतीने हसले.

“पैसे साठवा, सर. वर्षभर काही घेऊ नका. मग एकच चांगलं घ्या.” आणि त्याने मला नामांकित खेळाडू मिकी मँटलचं कार्ड सांगितलं. टॉप्सचं, 1952चं, 2022मध्ये 1 कोटी 26 लाख डॉलरला गेलेलं. जणू मी 40-40 करत तिथवर पोचणारच होतो! याच 1952च्या मालाचे न खपलेले खोकेच्या खोके पुढे तराफ्यावर लादून अटलांटिकमध्ये बुडवले, असं टॉप्सचे साय बर्गर स्वतः सांगत. तेव्हाची पोरं कार्डं सायकलच्या चाकात अडकवून टर्रर्र आवाज काढत. आताची पोरं भिंग लावतात. कार्ड प्लास्टिकच्या पेटीत कायमचं बंद, वर ग्रेडचा आकडा, आणि तो आकडा लावून घ्यायला माझ्या कार्डाच्या कितीतरी पट फी. मागच्या बाजूला छापलेली व्यंगचित्रं कोणी वाचतसुद्धा नाही. लहानपणी बबलगममधून निघालेल्या कपिलदेववर मी चार दिवस उशी ठेवून झोपलो होतो. त्याला कोपरे होते की नव्हते, देव जाणे.

हे सगळं मी मनात म्हणत असताना पोराने पेटी उघडली. कोरी स्लीव्ह काढली, माझा रॉड्रिगेझ अलगद आत सरकवला आणि कार्ड माझ्यापुढे धरलं.

“ठेवा, सर.”

खिशात 32 डॉलर होते. मी म्हणू शकलो असतो, नको, आहे माझ्याकडे. पण हात सवयीने पुढे झाले, दोन्ही, प्रसादाला होतात तसे. वर ‘थँक्यू’ म्हणालो. वडिलांनी पोराची पाठ थोपटली.

घरी बायकोने कार्ड उलटसुलट करून पाहिलं. “प्लास्टिक चांगलं आहे,” म्हणाली.

त्याच रात्री मी शंभर स्लीव्हचं पाकीट मागवलं. टपालखर्च धरून कार्डापेक्षा महाग पडलं. पुढच्या महिन्यात तो पोरगा दिसला की एक परत करणार आहे, वडिलांच्या समोर.