अंध मुलांचं क्रिकेट आणि गाडीभाडं: एका निनावी प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुम्ही नाव लिहिलेलं नाही, तेव्हा नुसतं 'तुम्ही' म्हणतो आणि मुद्द्यावर येतो. अंध मुलांच्या क्रिकेटला हातभार लावा, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं असं: "ज्यांना ब्रेल पुस्तकं वेळेवर मिळत नाहीत त्यांच्या हातात बॅट कशाला? क्रिकेट आधीच पैशात लोळतंय. बीसीसीआय झोपलंय का? आता तर मुली विश्वचषक घेऊन आल्या, मग आणखी वर्गणी कशाची? हे सगळं फोटोपुरतं असतं." खाली बऱ्याच जणांनी 'सहमत' लिहिलंय, म्हणून उत्तर जरा लांबलंय.

क्रिकेट महाग आहे हे लेदर बॉलच्या क्रिकेटबद्दल अगदी खरं. पॅड, हेल्मेट, अकादमीची फी, यात मध्यमवर्गीय बापाचाही घाम निघतो. अंधांच्या क्रिकेटला यातलं फारसं काही लागत नाही. चेंडू कडक प्लॅस्टिकचा, आत छर्रे. तो खालून टाकायचा आणि खेळपट्टीच्या मध्यरेषेआधी त्याचा टप्पा पडलाच पाहिजे. गोलंदाज 'रेडी?' विचारतो, फलंदाज 'येस' म्हणतो, मग 'प्ले' अशी आरोळी येते आणि मागोमाग खुळखुळत चेंडू. या खेळाचा उगमच फुकटातला: 1922 साली मेलबर्नमध्ये कारखान्यातल्या दोन अंध कामगारांनी पत्र्याच्या डब्यात खडे भरले आणि खेळायला लागले.

एक नियम मला फार शहाणपणाचा वाटतो. अकरा जणांत किमान चार खेळाडू पूर्ण अंध, म्हणजे 'बी-वन' गटातले असावेच लागतात. त्यांच्या धावा दुप्पट धरतात, आणि त्यांनी एक टप्पा पडल्यावर पकडलेला झेलही झेलच असतो. ज्याला सगळ्यात कमी दिसतं त्याला घरी ठेवून संघच उभा राहत नाही. आपल्या शाळांच्या स्नेहसंमेलनातसुद्धा असा नियम हवा होता, पण ते जाऊ दे.

पुण्यात एका शाळेच्या मैदानावर मी या मुलांचा सराव बघत होतो. मध्येच बाहेरच्या रस्त्यावरून डीजे लावलेला टेम्पो आला आणि खेळ थांबला. कुणी कुरकुर केली नाही. फलंदाज पोरगा गुडघा टेकवून, बॅट आडवी धरून तसाच बसून राहिला. आवाज वळणापलीकडे गेला तसा म्हणाला, "हां, टाक आता." स्वीप असा बसला की चेंडू कुंपणाच्या पत्र्यावर आदळल्यावरच मला कळलं कुठे गेला ते. त्याला माझ्याआधी कळलं होतं.

आता पैसे जातात कुठे? सामना दुसऱ्या शाळेच्या मैदानावर असला की हिशेब असा होतो. रिक्षात तिघं बसतात. पण प्रत्येक रिक्षात एक डोळस माणूस हवा, म्हणजे खेळाडू दोनच. राखीव धरून चौदा मुलं असली तर सात रिक्षा, सात सोबती, आणि तेवढंच परत येताना. थोडंफार दिसणारी मुलं बाकीच्यांना हात देतातच, पण शहराच्या रहदारीत त्यांच्यावर जबाबदारी टाकायला शाळा धजत नाही, आणि बरोबरच आहे, तीही मुलंच आहेत. परगावी जायचं तर रेल्वेत अंध प्रवाशाला आणि त्याच्या सोबत्याला स्लीपरच्या तिकिटात 75 टक्के सवलत आहे. पण रेल्वे स्टेशनपर्यंत सोडते. मैदान तिथून कितीही लांब असो, पुढचं ज्याचं त्याने बघायचं. म्हणून सामने रद्द होतात ते चेंडू नाही म्हणून नव्हे, गाडी नाही म्हणून. 'क्रिकेटला मदत' म्हणून मी जे मागितलं त्यातला मोठा भाग गाडीभाडं, नाश्ता आणि बुटांचा आहे.

ही भानगड फक्त आपल्याकडची नाही. इंग्लंडमध्ये लॉर्ड्स टॅव्हर्नर्स नावाची धर्मादाय संस्था आहे. लॉर्ड्स मैदानाच्या टॅव्हर्नमधून, म्हणजे तिथल्या पबमधून, सामने बघणाऱ्या काही नटमंडळींनी ती 1950 साली काढली. गरीब वस्त्यांतल्या आणि दिव्यांग मुलांसाठी ती क्रिकेट चालवते. पण तिचं नाव गावोगावी पोचलं ते तिने विशेष शाळांना दिलेल्या मिनीबसमुळे. व्हीलचेअर चढेल अशा गाड्या. तिथलं क्रिकेट बोर्ड काही भिकेला लागलेलं नाही. तरी ही संस्था चालते, कारण बोर्ड संघ निवडतं, प्रशिक्षक नेमतं, दौरे काढतं. शनिवारी सकाळी एका मुलाला घरातून उचलून मैदानावर नेणं हे कुठल्याच बोर्डाच्या खात्यात येत नाही.

बीसीसीआयबद्दल मी तुमच्या बाजूने आहे. 2021 मध्ये त्यांनी दिव्यांग क्रिकेटच्या परिषदेला मान्यता दिली, याला उशीरच झाला. त्याआधी आपल्या अजित वाडेकरांनी शारीरिक दिव्यांगांच्या क्रिकेटसाठी वर्षानुवर्षं खटपट केली, तीही बोर्डाबाहेर राहून. बोर्डाने पैसा ओतावा, जरूर ओतावा. पण तो वरून ओततील आणि खालच्या शाळेपर्यंत झिरपायची वाट बघत बसायचं, तर आज बारा वर्षांची असलेली पोरं तोवर विशीत जातील.

विश्वचषकाचं तर उलटं आहे. 23 नोव्हेंबर 2025 ला कोलंबोत आपल्या मुलींनी अंतिम सामन्यात नेपाळला 114 धावांवर रोखलं आणि 7 गडी राखून अंध महिलांचा पहिलाच टी-20 विश्वचषक जिंकला. या खेळाचा गाडा आपल्याकडे बंगळुरूच्या समर्थनम ट्रस्टने, म्हणजे देणग्यांवर चालणाऱ्या संस्थेने ओढलाय. तुम्ही ज्या विजयाकडे बोट दाखवून वर्गणी बंद करा म्हणता, तो वर्गणीवरच उभा राहिलाय. आणि आता वसतिगृहांतल्या आणखी मुली म्हणणार, मलाही खेळायचंय. त्यांना कुणी न्यायचं?

फोटोचं मात्र खरं आहे. एका कंपनीने एका शाळेला टी-शर्ट दिले, छातीवर कंपनीचं नाव हे एवढं, माप मोठ्या माणसांचं. मुलं चपला घालून पळत होती, ते कुणी पाहिलं नाही. देणाऱ्याने आधी फोन करून 'काय हवंय' एवढं विचारलं असतं तरी भागलं असतं. असल्या दानाला तुम्ही नावं ठेवा, मीही ठेवतो.

राहिली ब्रेल पुस्तकं. तुम्हाला पुस्तकांना पैसे द्यायचे असतील तर बिनधास्त द्या, माझं एका शब्दाने काही म्हणणं नाही. पण डोळस मुलाच्या आईबापाला 'पुस्तक की बॅट, एक काहीतरी सांगा' असं कुणी विचारत नाही. तुमच्या घरातल्या पोराला दोन्ही मिळालं असेल.

पैसे द्यायचे नसतील तर रविवार द्या. तुमच्या गावातल्या अंध शाळेत फोन करा आणि सामन्याच्या दिवशी सोबत्यांची गरज आहे का विचारा. क्रिकेट कळायची अट नाही. बीसीसीआयला पत्र लिहिणार असाल तर मसुदा इथेच प्रतिक्रियेत टाका, मी सही करतो. फक्त त्याखाली नाव लिहा.