वर्षअखेरीच्या पत्रकात घरांनाही जागा हवी

एप्रिलच्या शेवटी, निकालाच्या दिवशी, प्रगतिपुस्तकाबरोबर शाळेचे वर्षअखेरीचे पत्रक हाती येते. माझी मुले ठाण्यातल्या एका कॅथलिक शाळेत शिकतात आणि हे पत्रक मी बालवर्गापासून वाचत आले आहे. शाळा कधी उघडणार, वह्या-पुस्तके कोणत्या इयत्तेला कोणत्या दिवशी मिळणार, फीचा पहिला हप्ता कधी भरायचा, लायब्ररीची पुस्तके कोणी परत केलेली नाहीत, आंतरशालेय स्पर्धांत कोणाला बक्षिसे मिळाली, आणि शेवटी प्रिन्सिपल सिस्टरांचे आशीर्वाद. हे सगळे आवश्यक आहे आणि ते नीटनेटके लिहिलेले असते. परंतु ज्या घरांतून ही मुले येतात त्या घरांत वर्षभरात काय घडले, याविषयी त्यात एक ओळही नसते. कोणाकडे बाळ जन्मले, कोणाचे वडील गेले, शाळेत मदतनीस असलेल्या कोणत्या मावशी या उन्हाळ्यात निवृत्त होत आहेत, हे पत्रकातून कळत नाही. माझे स्पष्ट मत आहे की कॅथलिक शाळेच्या वर्षअखेरीच्या पत्रकात या बातम्यांना पहिले पान मिळाले पाहिजे.

मी मूळची वसईची, लग्नानंतर ठाण्याला आले. आमच्या धर्मग्रामात, म्हणजे एका चर्चशी जोडलेल्या कॅथलिक घरांच्या समाजात, रविवारची मिस्सा (चर्चमधली उपासना) संपता संपता फादर सूचना वाचतात, आणि त्या सूचनांमध्ये गावाचे निम्मे आयुष्य असते. कोणाचे लग्न ठरले, कोणाच्या पुण्यस्मरणाची मिस्सा कधी आहे, कोण आजारी आहे व कोणासाठी प्रार्थना करायची, हे तिथेच कळते. लग्नाआधी वधूवरांची नावे परंपरेने तीन रविवार चर्चमध्ये पुकारली जातात, ती केवळ कौतुकासाठी नव्हे; त्या लग्नाला काही अडसर असेल तर माहीत असणाऱ्याने तो वेळेत सांगावा, हा त्यामागचा हेतू आहे. म्हणजे घरातली बातमी सर्वांसमोर सांगणे ही आमच्याकडे जबाबदारी मानली गेली आहे. शाळा धर्मग्रामाच्या अंगणात वाढली. तिने प्रार्थना घेतली, शिस्त घेतली, सण घेतले, मग ही सवय का सोडावी?

ठाण्यातले मासुंदा तलावाजवळचे जुने चर्च संत जॉन बाप्तिस्ताचे आहे. त्याचा जन्मोत्सव २४ जूनला, शाळा उघडल्यावर थोड्याच दिवसांत येतो. लूकच्या शुभवर्तमानात त्याच्या जन्माची जी हकीकत आहे, ती मला या संदर्भात फार महत्त्वाची वाटते. म्हातारपणी अलीशिबेला मुलगा झाला हे ऐकून शेजारी आणि नातेवाईक तिच्या आनंदात सामील झाले. आठव्या दिवशी नाव ठेवायला ते जमले, आणि वाचा गेलेल्या जखऱ्याने, म्हणजे मुलाच्या वडिलांनी, पाटी मागवून तिच्यावर लिहिले की याचे नाव योहान (म्हणजेच जॉन) आहे. एका घरची बातमी, ती ऐकायला जमलेले शेजारी आणि बापाने स्वतःच्या हाताने लिहिलेले नाव, एवढे सगळे त्या प्रसंगात आहे. कॅथलिक शाळेला कुटुंबवार्ता छापण्यासाठी याहून मोठा आधार शोधावा लागणार नाही.

आता याची गरज का आहे, ते सांगते. दोन वर्षांपूर्वी माझ्या मुलीच्या वर्गातल्या एका मुलाचे वडील मार्चमध्ये, परीक्षा तोंडावर असताना, अचानक गेले. त्या वेळच्या वर्गशिक्षिकेने त्याला सांभाळून घेतले, त्याच्या आईशी बोलल्या, पेपरांच्या दिवसांत रोज त्याच्याजवळ जाऊन बसल्या. जूनमध्ये इयत्ता बदलली, तुकडी बदलली, वर्गशिक्षिकाही बदलल्या. नव्या शिक्षिकेने पहिल्याच आठवड्यात सर्व मुलांना शाळेच्या कॅलेंडरमध्ये (रोजनिशीच्या वहीत) वडिलांची सही आणायला सांगितले. सही न आणल्याबद्दल त्या मुलाला उभे केले गेले आणि तो काही न बोलता उभा राहिला. शेवटी मागच्या बाकावरच्या मुलीने उठून सांगितले. त्या शिक्षिका चांगल्या आहेत, त्यांना खरोखरच माहीत नव्हते, आणि दोष त्यांचा नाही. शाळेत मुलाचे गुण एका वर्गातून दुसऱ्या वर्गात जातात, हजेरी जाते, फीची थकबाकी जाते. त्याच्या घरी काय झाले हे मात्र कोणत्याही रकान्यात लिहून पुढे जात नाही. वर्षअखेरीच्या पत्रकात एक ओळ असती, तर ती शिक्षकांच्या खोलीतही वाचली गेली असती आणि सुट्टीत सोसायटीच्या जिन्यावर त्या मुलाच्या आईला भेटणाऱ्या आम्हा पालकांनाही कळली असती. आमच्यापैकी कितीतरी जणांना ती बातमी जूनमध्ये कळली आणि तोवर तिच्या घरी जाऊन बसण्याची वेळ निघून गेली होती.

दुसरे कारण निवृत्तीचे आहे, आणि त्याचा संबंध थेट तारखेशी आहे. महाराष्ट्रात एका पिढीतल्या असंख्य लोकांची जन्मतारीख कागदोपत्री १ जून आहे, कारण शाळा जूनमध्ये सुरू होत असत आणि खरी तारीख घरी कोणाला सांगता आली नाही की गुरुजी दाखल्यावर १ जून लिहून टाकत. महिन्याच्या एक तारखेला जन्मलेला कर्मचारी नियमानुसार आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो. अनुदानित शाळेत शिक्षक ५८व्या आणि शिपाई, मावशी यांच्यासारखे चतुर्थश्रेणी कर्मचारी ६०व्या वर्षी निवृत्त होतात. परिणामी यांतले पुष्कळ जण ३१ मे रोजी, म्हणजे ऐन उन्हाळ्याच्या सुट्टीत, शाळा रिकामी असताना सेवेतून मोकळे होतात. ज्या बाईंनी तीस-पस्तीस वर्षे मुले शिकवली किंवा ज्या मावशींनी पहिलीतल्या रडणाऱ्या मुलांचे डोळे पुसले, त्यांच्या शेवटच्या दिवशी आवारात वॉचमनशिवाय कोणी नसते. शिक्षक आपापसांत निरोप देतात, चहा-फराळ होतो, तेही मी जाणते. पण मुलांना आणि पालकांना ते जूनमध्ये कळते. ही तारीख एप्रिलच्या पत्रकात सहज छापता येते, कारण ती वर्षानुवर्षे आधीपासून ठाऊक असते.

पालक-शिक्षक संघाच्या बैठकीत मी हे मांडले तेव्हा सर्वांत मोठा आक्षेप खासगीपणाचा आला, आणि तो गंभीरपणे घेण्याजोगा आहे. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानले आहे आणि त्याची माहिती वापरण्यासाठी पालकांची पडताळता येण्याजोगी संमती आवश्यक ठरवली आहे. तेव्हा शाळेने स्वतःहून काहीही छापू नये. पालकाने स्वतः लिहून, सही करून दिलेली बातमीच छापावी. फोटो नको, पत्ता नको, फोन नंबर नको. मुलाचे नाव, इयत्ता आणि एक वाक्य पुरेसे आहे. हे पान शाळेच्या ॲपवर किंवा संकेतस्थळावर चढवू नये, कागदावरच द्यावे. आजारपण, घरातली भांडणे, घटस्फोट या गोष्टी पत्रकात येऊ नयेत असे मला वाटते. त्या सांगायच्या असतील तर नव्या वर्गशिक्षिकेला बंद पाकिटातून सांगाव्यात. मृत्यूची बातमी मात्र, घरच्यांची इच्छा असेल तर, जरूर यावी.

कोणी म्हणेल की ही कॅथलिक घरांची पद्धत आहे, इतरांवर का लादायची? आमच्या शाळेत कॅथलिक मुले थोडी आहेत. हिंदू, बौद्ध, मुस्लिम, जैन घरांतली मुले कितीतरी अधिक आहेत. अनुदानित शाळेत पालकांच्या संमतीशिवाय कोणालाही धार्मिक शिक्षण देता येत नाही, हे संविधानाच्या २८व्या अनुच्छेदात आहे आणि आमच्या सिस्टर ते काटेकोरपणे पाळतात. पण जन्म, लग्न, मृत्यू आणि निवृत्ती यांना धर्माची अट नाही. एका ओळीवर तिसरीतल्या मुलाच्या पहिल्या कम्युनियनची (चर्चमध्ये प्रथमच ख्रिस्तप्रसाद घेण्याच्या विधीची) बातमी असावी आणि तिच्याखालच्या ओळीवर सहावीतल्या मुलीच्या धाकट्या भावाच्या बारशाची असावी. तसे पान निघाले तर ही शाळा कोणाची आहे, हे पहिल्यांदाच छापील स्वरूपात दिसेल.

आणि ते पान मराठीतही असावे. ठाण्याचे मूळचे ईस्ट इंडियन, म्हणजे या भागातले जुने स्थानिक कॅथलिक, मराठी बोलतात, आम्ही वसईकर बोलतो, आणि अनेक घरांत नातवाला शाळेत सोडायला व आणायला जाणारी आजी मराठीच वाचते. माझ्या सासूबाई निकालाच्या दिवशी पत्रक हातात घेतात, उलटसुलट पाहतात आणि माझ्याकडे देतात. २०२०च्या कायद्याने राज्यातल्या सर्व मंडळांच्या शाळांत पहिली ते दहावी मराठी शिकवणे सक्तीचे झाले आहे. तेव्हा नववीची मुले शिक्षकांच्या देखरेखीखाली हे पान उत्तम मराठीत लिहू शकतील. शोकवार्ता कशी लिहावी, अभिनंदन कसे करावे, कोणाच्या नावामागे काय लावावे, हे त्यांना त्यातूनच शिकता येईल. पत्रलेखनाच्या काल्पनिक प्रश्नांपेक्षा हा अभ्यास मला अधिक मोलाचा वाटतो.

शुल्क विनियमनाच्या २०११च्या कायद्यामुळे शाळेत पालक-शिक्षक संघ आणि त्याची कार्यकारी समिती असते. ती समिती फीच्या प्रस्तावापुरतीच आहे, असे मानण्याचे काही कारण नाही. चार ओळींच्या संमतिपत्राचा मसुदा मी सिस्टरांकडे दिला आहे: मुलाचे नाव, इयत्ता, बातमी, पालकाची सही. फेब्रुवारीच्या ओपन हाऊसला तो वाटला, तर मार्चअखेर बातम्या जमतील आणि एप्रिलमध्ये पान छापून होईल. सिस्टरांनी पुढील वर्षी एकदा करून पाहण्याची तयारी दाखवली आहे, त्याबद्दल मी त्यांची मनापासून ऋणी आहे.

यंदाचे पत्रक निघून गेले आहे, म्हणून त्यात यायला हवी होती ती एक बातमी इथे देते. प्रायमरीच्या मावशी ३१ मे रोजी निवृत्त होत आहेत. त्या दिवशी रविवार आहे, पवित्र त्रैक्याचा (पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांचा) सण आहे, आणि सकाळच्या मिस्सेनंतर शाळेच्या आवारात आम्ही काही पालक त्यांना निरोप द्यायला जमणार आहोत. सिस्टरांनी गेट उघडे ठेवण्याचे कबूल केले आहे. शाळेतले जे पालक आणि माजी विद्यार्थी सुट्टीत ठाण्यात असतील, त्यांनी मुलांना घेऊन यावे.